गॅलरी रिकामी असताना

६ जून

चि. घुम्यास,

अ. उ. आ. त्यातले थोडे आशीर्वाद परत पाठव, सध्या मलाच गरज आहे.

फोनच केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी पाऊण तास बोलायचं आणि तू मधूनमधून हं म्हणायचं. पत्रात निदान चार ओळी तरी मोकळा होतोस. दिवसभर सभागृहात दुसऱ्यांची भाषणं उतरवून घेणाऱ्याला स्वतःचं बोलायलाही कागदच लागत असेल, दुसरं काय!

कामाचं लिहिते. आमच्या शाळेवर गदा आली आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या छोट्या शाळा परवडत नाहीत, तेव्हा त्या बंद करायच्या आणि मुलांना मोठ्या गावच्या नेहमीच्या शाळेत घालायचं, असं सरकारने ठरवलंय. ऐकायला छान वाटतं, सगळी मुलं एकत्र वगैरे. पण त्या शाळेत हातांची भाषा येणारी एकही बाई नाही. मी स्वतः जाऊन बघून आले. आमच्याकडून तिकडे गेलेला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होता. मी दिसल्यावर त्याचे हात जे सुरू झाले ते थांबेचनात. किती दिवसांचं साठलं होतं कुणास ठाऊक. येताना बसमध्ये मी रडले, सांगायला लाज कसली?

आणि ज्यांना एवढ्या लांब पाठवणारच नाहीत त्यांचं काय? आमची चिमणी घे. गल्लीच्या टोकाला दुकान आहे त्या शिंप्याची मुलगी. आली तेव्हा आईला हाक कशी मारायची तेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. आता वर्गात माझ्याच चुका काढते. बापाने सांगून टाकलंय की शाळा इथे असली तर शाळा, नाहीतर घरी बसून काजं-बटणं करेल. म्हणजे पुन्हा तोंड बंद.

आता मुद्दा. आपल्या मामाचा सोन्या निवडून येऊन तुमच्या सभागृहात बसलाय. लोक त्याला दादासाहेब म्हणतात, मला मात्र शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा सोन्याच आठवतो. खर्चाच्या चर्चेत दुरुस्ती सुचवून शाळा वाचवता येतील, असं आमच्या मोठ्या बाई म्हणतात. सोन्याने मनावर घेतो म्हणून सांगितलंय. तू रोज त्याला बघतोस, तर खरं काय ते कळव. शिवाय त्या दिवशी मुलांना घेऊन वरच्या प्रेक्षकांच्या गॅलरीत बसायचा माझा बेत आहे. आपली माणसं समोर दिसली की माणसाला जोर येतो.

तुझ्या बायकोला आठवण सांग. लोभ आहेच, तो कागदावर उतरवायचा कंटाळा करू नकोस.

तुझी,
ताई


१२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. अर्धे आशीर्वाद परत पाठवतो आहे. उरलेले मला लागतील.

आमचं टेबल सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या खुर्चीच्या पायथ्याशी आहे. पाळीपाळीने लिहायचं. मान खाली असते, त्यामुळे चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. पण इतक्या वर्षांत आवाजावरून एक गोष्ट कळायला लागली आहे. बोलणारा समोरच्याशी बोलतोय की वर गॅलरीशी, ते पहिल्या वाक्यातच समजतं.

मागच्या आठवड्यात समितीच्या बैठकांना माझी नेमणूक होती. बंद खोली, ना प्रेक्षक ना कॅमेरा. तिथे मी सोन्यादादा बघितला आणि थक्क झालो. बाह्या सरसावलेल्या, चष्मा कपाळावर आणि तुझ्या शाळांची माहिती तोंडपाठ. कुणावर आवाज चढवला नाही. जे विरोधात होते त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसला, चहा पाजला, त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि एकेकाला वळवलं. शेवटी खात्याचे मंत्रीसुद्धा म्हणाले की दुरुस्ती मताला आली तर ते आपल्या माणसांना मोकळं सोडतील, ज्याला जसं वाटेल तसं त्याने मत द्यावं. सोन्यादादाबरोबर दोन अपक्षही आहेत. गणित अगदी काठावर आहे, पण आपल्या बाजूने आहे. ताई, त्याने हे खरोखर मनापासून केलंय.

आता दुसरा सोन्यादादा ऐक. मागे पुलाच्या मागणीच्या दिवशी त्याच्या भागातली माणसं दोन बस भरून आली होती. वर ती दिसली मात्र, ह्याच्या अंगात वारं शिरलं. खिशातला कागद काढून टराटरा फाडला आणि गर्जला की जनता ह्या सरकारला माफ करणार नाही. माणसं खूश. थोड्या वेळाने उपाहारगृहात बघतो तर स्वारी त्याच मंत्र्यांच्या बशीतली बिस्किटं खातेय. पुलाचं काय झालं ते विचारू नकोस. फाडलेला कागद म्हणजे त्याचीच मागणी होती. ती मान्य होणार होती, पण मांडायला दुसरी प्रत त्याने आणलीच नव्हती.

म्हणून हात जोडून सांगतो, मुलांना आणू नका. गॅलरी रिकामी राहिली तर तो काम करेल.

इकडे सर्व ठीक. माझ्या म्हणण्याचा राग आला तर ये, आणि तोंडावर बोल. मी हं म्हणेन.

तुझा,
घुम्या


१५ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. एवढ्या मोठ्या छापील नावाच्या कागदावर तुला लिहायची लाज वाटते, पण साधा कागद ह्या कचेरीत मिळतच नाही.

मुलांना घेऊन येतेस हे ऐकून छाती फुगली बघ. पास मी काढतो, घुम्याला त्रास नको. त्या बिचाऱ्याचा जीव आधीच चिमणीएवढा. (तुमच्या चिमणीचा मोठा असेल.) पहिल्या रांगेत बसा, म्हणजे मला नीट दिसाल. मुलं गणवेशात असली तर फार उत्तम. वर्तमानपत्रवाल्यांनाही कानावर घालून ठेवतो.

शाळेची काळजी सोड. ते काम झाल्यात जमा आहे. लहानपणी मला पाढे शिकवताना किती धपाटे घातलेस ते विसरलेलो नाही, त्या ऋणातून थोडं उतराई व्हायची संधी आली म्हणायची.

तुझ्या लोभातला माझा वाटा घुम्याला देऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझा,
सोन्या


१७ जून

चि. घुम्यास,

अ. उ. आ. पण जरा हात आखडूनच.

तुझं पत्र मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की तुझा भाऊ दुधाने तोंड भाजलेला दिसतो, ताकही फुंकून पितो. बस ठरली आहे, पालकांना कळवलं आहे, मुलं तर वेडीपिशी झाली आहेत. ज्यांच्याबद्दल बोलायचं तीच मुलं घरी आणि बाकी सगळे तिथे, हा कुठला न्याय? पुलाची गोष्ट वेगळी. पूल काही गॅलरीत येऊन बसत नाही. एवढीशी पोरं डोळ्यांसमोर असताना कोण तमाशा करेल?

तू फक्त एकदा मान वर करून आमच्याकडे बघ. मी हात करेन.

लोभ कमी झालेला नाही, रुसला आहे इतकंच.

ताई


२६ जून, रात्री

चि. घुम्यास,

अ. उ. आ. आज मोकळ्या हाताने, पाहिजे तेवढे घे!

अरे, काय बोलला आपला सोन्या! आत्ताच मुलांना घरोघर पोचवून आले, पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. मी रांगेपुढे उभी राहून त्याचं भाषण हातांनी मुलांना सांगत होते. तुमच्या शिपायाने आधी हटकलं, मग त्यालाच बघावंसं वाटलं असावं, बाजूला उभा राहिला. आमची मुलं टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. सोन्याने वर बघितलं तेव्हा सगळी रांग हातच हात झाली होती. त्याने चष्मा काढून पुसला.

आणि त्या पलीकडच्या बाकावरच्या टकल्या माणसाचा मला असा राग आला! म्हणे, मुलांना असं मधे आणणं बरं नव्हे. त्यावर सोन्या कसला उसळला! ह्या मुलांना जिथे जागा नाही तिथे मलाही जागा नको, असं म्हणून तरातरा निघाला, त्याचे दोघे सोबतीही निघाले. जाताना आम्हाला हाताने खूण केली. आम्ही जिन्यावरून धावतच खाली. पायऱ्यांवर फोटो झाले. चिमणीला त्याने खांद्यावर घेतलं होतं, तिने त्याचा चष्मा काढून स्वतः घातला.

मतदानाचं विचारलं तर म्हणाला की ते नंतर होईल, आणि आता नाही म्हणायची कुणाची टाप नाही. बघ, माणसावर विश्वास टाकावा लागतो. तू मात्र मान वर केली नाहीस हो! मी दोनदा हात केला.

आता तोंड गोड करायला ये, बायकोला घेऊन. लोभ दुप्पट झाला आहे असं समज.

ताई


२६ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे तू वर्तमानपत्रात वाचण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून कचेरीतूनच लिहितो आहे.

दुरुस्ती पडली. दोन मतांनी.

काय झालं ते सरळ सांगतो. एरवी असा गोंधळ झाला, कुणी सभात्याग केला, की अध्यक्ष कामकाज तहकूब करतात. सगळे चहा पितात, निघून गेलेलेही परत येतात आणि मग मतदान होतं. सोन्यादादाने तेच गृहीत धरलं होतं. पण आज अध्यक्षांनीही वर बघितलं. निम्मी मुलं अजून गॅलरीच्या दारात होती, वर्तमानपत्रवाले बसलेले होते. ते उभे राहून म्हणाले की इतक्या लांबून लेकरं आली आहेत, सभागृह शिस्तीत कसं चालतं ते त्यांना दिसू दे, आज तहकुबी नाही. सगळ्यांनी बाकं वाजवली. आणि लगेच दुरुस्ती मताला टाकली.

मंत्र्यांनी शब्द पाळला. त्यांच्याकडच्या कितीतरी जणांनी आपल्या बाजूने हात वर केले. तो टकला माणूसही आपलाच होता, ताई. समितीत शाळांसाठी सगळ्यांत जास्त तोच भांडला होता. त्यानेही हात वर केला. सोन्यादादा आणि ते दोघे तेवढे नव्हते. ते पायऱ्यांवर होते, तुमच्याबरोबर.

माझी पाळी चालू होती. दारापर्यंत जाऊन हाक मारली असती तर ते तिघे कदाचित पोचले असते. पण लिहिणाऱ्याने पाळी सोडून उठायचं नसतं, आणि बोलायचं तर नसतंच. मी लिहीत राहिलो. सदस्यांनी सभात्याग केला, हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप चालतो. आज तो चालेना. लहानपणी तू मला घुम्या नाव ठेवलंस त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं.

तू हात केलास तो मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला होता. मुद्दामच मान वर केली नाही, कागदाकडेच बघत लिहीत राहिलो.

मुलांना कसं सांगशील ते सुचत नाही. लोभ असू दे, आज तो मलाच जास्त हवा आहे.

घुम्या


१ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. सोबत कात्रण पाठवतो आहे. पहिल्या पानावर आलंय! चिमणीचा चष्म्यातला फोटो बघून आमच्या सौ.ला हसू आवरेना.

दुरुस्तीचं वाईट झालं. अध्यक्षांनी दगा दिला, दुसरं काय. आजवरचा रिवाज असा की बाहेर गेलं की चहा होतो, मग मतं. तो त्यांनी त्याच दिवशी मोडावा? पण तू खचू नकोस. लोकांपर्यंत विषय पोचला, हे काय थोडं झालं? दोन रात्री झोप लागली नाही, हे मात्र फक्त तुला सांगतो.

येत्या बारा तारखेला संध्याकाळी तुमच्याच गावच्या सभागृहात नागरिकांनी माझा सत्कार ठेवला आहे. मी नको म्हणत होतो, पण लोकांचं मन मोडवत नाही. तुझी मुलं स्टेजवर आली आणि त्यांनी ते हात हलवले तर लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तेवढं जमव.

तुझा लोभ हीच माझी खरी खुर्ची. ती हलू देऊ नकोस.

सोन्या


४ जुलै

चि. सोन्यास,

अ. उ. आ. वयाने मोठी आहे म्हणून द्यावे लागतात.

मुलं येणार नाहीत. बारा तारखेलाच आमच्या शाळेचं सामान हलतंय. बाकं, काळे फळे, कपाटं, सगळं. आदेश आला आहे. मोठी मुलं लांबच्या शाळेत जातील, चिमणीसारख्या पाचसहाजणी घरी बसतील.

मुलांना मी वर्गात सगळं सांगितलं. कुणी रडलं नाही. मग चिमणीने विचारलं, की आम्ही हात हलवले म्हणून तो माणूस बाहेर गेला का? मी नाही म्हटलं. छे, मुळीच नाही, असं दोनदा सांगितलं. पण सोन्या, तिचंच बरोबर आहे, हे तुला कळतं आणि मलाही कळतं.

तुझ्यावर सगळं ढकलून मोकळी होत नाही. घुम्याने हात जोडून सांगितलं होतं, आणू नका म्हणून. मला वाटलं, आपला माणूस गर्जताना बघावा, चार लोकांनी म्हणावं की हा हिचा भाऊ. तुला टाळ्या हव्या होत्या आणि मला तुझ्या टाळ्यांतला वाटा. आपल्या दोघांच्या हौसेपायी पोरांची शाळा गेली. चीड येते, आणि कुणावर काढावी ते समजत नाही.

समितीत तू काय केलंस ते घुम्याने कळवलं होतं. वाचून मला रडू आलं होतं. तो सोन्या कुठे असतो रे एरवी?

बारा तारखेला सकाळी ट्रक येणार आहे. बाकं उचलायला माणसं कमी आहेत. यायचं तर ये, एकटा ये, फोटोवाल्याला आणू नकोस. तिथे बघायला कुणी नसेल.

लोभाचं आत्ता विचारू नकोस.

ताई


१३ जुलै

चि. घुम्यास,

अ. उ. आ. तुला राग आला होता तो गिळून तू आठवडाभर रोज फोन केलास आणि हं म्हणालास. ते पोचलं बरं.

काल तो आला. मला वाटलं नव्हतं. ट्रकच्या आधी आला, एकटा, स्वतः गाडी चालवत. बाह्या सरसावल्या आणि लागला कामाला. मोठं कपाट दारातून निघेना तर दाराच्या बिजागऱ्या काढल्या. दोन्ही हमालांची त्याच्याशी गट्टी जमली. तुझ्या पत्रात वाचलं होतं, ते डोळ्यांनी बघितलं.

दुपारी चहाला नाहीसा झाला. मला वाटलं, पळाला. तर शिंप्याच्या दुकानात जाऊन बसला होता. काय बोलला देव जाणे, पण शिंपी स्वतः येऊन सांगून गेला की हिवाळ्यापर्यंत चिमणीला रोज सकाळी माझ्या घरी शिकायला पाठवेल, काजं-बटणं दुपारी. मला हुंदकाच फुटला, आणि सोन्या फळ्याची खुंटी काढत पाठमोरा उभा राहिला. हिवाळी अधिवेशनात तो शाळेचा विषय वेगळ्या वाटेने आणणार आहे. मोठ्या शाळेची शाखा म्हणून आमची शाळा इथेच चालवायची, असं काहीतरी. मंत्र्यांशी बोलून ठेवलंय, त्या टकल्या माणसाच्या घरी जाऊन माफीसुद्धा मागून आलाय म्हणे.

इथपर्यंत वाचून खूश झाला असशील. पुढचं ऐक.

ट्रक निम्मा भरला होता. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी त्याला ओळखलं. दादासाहेब, दादासाहेब करत माणसं फाटकाशी जमली, दोघातिघांनी फोन वर धरले. आणि घुम्या, माझ्या डोळ्यांदेखत त्याची पाठ ताठ झाली. हातातलं बाक एकदम डोक्यावर घेतलं, एवढंसं बाक, आणि आवाज चढवून बोलायला लागला की ह्या बाकांवर बसणाऱ्या लेकरांची शपथ घेऊन सांगतो. हमाल कपाट अर्धं उचलून तसेच ताटकळत उभे.

चिमणी माझ्या शेजारी होती. सवयीने तिचे हात वर गेले. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मला काय झालं कोण जाणे. तशीच गेले आणि सगळ्यांच्या तोंडावर फाटक लावलं. लोखंडी आहे, बाहेरून काही दिसत नाही. कुणी काही बोललं असेल, मी ऐकलं नाही. वळले तर सोन्या बाक डोक्यावर घेऊन उभा, तोंड उघडं, पुढचं वाक्य कुणाला सांगावं ते कळेना. मग बाक खाली ठेवलं, आणि कपाटाचं दुसरं टोक धरायला गेला.

अंधार पडेपर्यंत राबला. सत्काराला उशिरा गेला असेल, किंवा गेला नसेल, मी चौकशी केली नाही.

हिवाळ्यात विषय मताला येईल तेव्हा मला दिवस कळवू नकोस. होऊन गेला की कळव.

लोभ होता तसाच आहे, फाटकाच्या आतल्या बाजूला.

तुझी,
ताई